टॉवेलवाल्याला गोळी घालू नका

शॉमबर्ग,
३ ऑगस्ट

चि. सौमित्र,
अनेक आशीर्वाद.

फोन न करता पत्र लिहितेय म्हणून घाबरू नकोस, आम्ही सगळे बरे आहोत. आबांचा नियम तुला माहीत आहे. खुशाली विचारायची तर तोंडी चालेल, पण गळ घालायची तर लेखी. तर ही गळ आहे.

सतरा तारखेला तिथीने आबांना वर्ष होतंय. त्यांच्या दहाव्याला तुला शाळेतल्या नोकरीमुळे येता आलं नाही, म्हणून काय झालं ते पुन्हा सांगते. इथल्या तळ्याकाठी पिकनिकच्या टेबलावर पिंड ठेवले. गुरुजी व्हिडिओवर होते. कावळे नव्हते असं नाही. समोरच्या झाडावर बसून होते, पण खाली उतरेनात. मी सगळं बोलून पाहिलं. ‘आबा, तुमची पुस्तकं वाडीच्या शाळेला देईन. सियाला मराठी वाचायला शिकवीन. राजेशशी भांडणार नाही.’ यावर राजेश हळूच म्हणाला, ‘एवढं मोठं नको बोलूस, ते खरं मानणार नाहीत.’

शेवटी तळ्यातून ती लांब मानेची बदकं, गीज, डुलत डुलत आली आणि त्यांनी पिंड खाऊन टाकले. मी कॅमेरा वळवून गुरुजींना दाखवलं. ते म्हणाले, ‘हंस असता तर विचार केला असता.’ मग दर्भाचा कावळा करून तो पिंडांना शिववा म्हणाले. इथे दर्भ कुठला? लॉनचं गवत उपटून केला. त्याला धड चोचसुद्धा आली नव्हती.

वर्षभर हे माझ्या छातीवर बसलंय. आबांची ती मागे रेलणारी खुर्ची संध्याकाळी आपोआप कुरकुरते. राजेश म्हणतो, हीटिंगमुळे. जुलैत कसलं हीटिंग?

तुझ्याकडे शेत आहे, मोकळं आभाळ आहे. तू त्यांचा पुतण्या, आणि त्यांच्याच शाळेत शिकलेला. वर्षश्राद्धाला तू पिंड ठेव आणि त्यांची काय इच्छा राहिली ते विचार. मला तरी सुचत नाही. मी त्यांना काही म्हणजे काही कमी केलं नाही. डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं पाळलं. मीठ बंद केलं, शेंगदाणे बंद केले, थंडीत एकही दिवस बाहेर जाऊ दिलं नाही.

शिवला की लगेच कळव. एक शब्द लिहिलास तरी चालेल.

तुझी,
आसावरीताई


डी लिऑन, टेक्सास,
१९ ऑगस्ट

ती. आसावरीताईस,
सौमित्रचा नमस्कार.

एक शब्द मागितलास. स्वीकारले.

पण एवढंच लिहून पत्र बंद करणं आबांना आवडलं नसतं. रत्नाने पहाटे उठून सगळा स्वयंपाक केला. शेताच्या टोकाला पेकानचं झाड आहे, त्याच्या सावलीत मी पिंड ठेवले. आमच्याकडे कावळा तसा कधीमधीच दिसतो. गावातल्या दुकानांपुढे काळे पक्षी असतात, पण ते दुसरेच कुणी, गाड्यांखाली चिप्स वेचणारे. दुपारी वर गिधाडं फिरू लागली. मी त्यांना हात जोडायला गेलो तर रत्ना म्हणाली, ‘त्यांना काही बोलू नका. ती खरंच यायची.’

दिवसभर उपाशी बसलो. तू म्हणालीस ते सगळं बोललो. पुस्तकं, वाडीची शाळा, सिया. काही हललं नाही. दिवस मावळायला आला तेव्हा माझ्याजवळचे शब्द संपले आणि मी नुसता समोर बघत राहिलो. समोर भुईमूग होता. यंदा चांगला लागला आहे. मला चौथीची आठवण झाली. आबा मला राखणीला माळ्यावर न्यायचे. रानडुकरं आली की पत्र्याचा डबा बडवायचे, आणि बडवता बडवता मध्येच थांबायचे. म्हणायचे, ‘खाऊ दे रे थोडं. त्यालाही पोट आहे.’ खाली उतरून शेंगा भाजायचे आणि खांद्यावरच्या टॉवेलात बांधून मला द्यायचे.

म्हणून मी म्हणालो, ‘आबा, हे शेत तुमचं. पोटभर शेंगा खा. मी राखण करणार नाही.’ एवढं म्हणालो आणि पिंड गेले. पत्रावळीसकट.

तू आता निर्धास्त राहा.

तुझा,
सौमित्र


शॉमबर्ग,
२६ ऑगस्ट

चि. सौमित्र,

तुझं पत्र वाचून मी स्वयंपाकघरातच खाली बसून रडले. मग डेव्हन ॲव्हेन्यूवरच्या देशी दुकानात जाऊन पेढे आणले आणि सगळ्यांना वाटले. गुरुजींना कळवलं. त्यांनी ‘उत्तम’ म्हटलं.

रात्री मात्र झोप येईना. पत्र परत काढून वाचलं.

सौमित्र, कावळा पत्रावळ कशी नेईल?

आणि परवा रत्नाला फोन केला तेव्हा मी म्हटलं, ‘कावळ्याने लाज राखली गं.’ तर ती म्हणाली, ‘हो, राखली,’ आणि लगेच म्हणाली कुकरच्या शिट्ट्या होतायत. मला एकही शिट्टी ऐकू आली नाही.

तुझं सगळं पत्र मी धुंडाळलं. त्यात गिधाडं आहेत, चिप्स खाणारे पक्षी आहेत, कावळा कुठेच आला नाहीये. पिंड ‘स्वीकारले’, पिंड ‘गेले’. कुणी नेले? तू लहानपणी फळा पुसून ‘पुसला गेला’ म्हणायचास, तसलं हे आहे.

उलट टपाली खरं लिही.

आसावरीताई


डी लिऑन,
२ सप्टेंबर

ती. ताईस,
नमस्कार.

रानडुक्कर होतं.

मोठं, एकटं, शेंगांच्या वाफ्यातून सरळ चालत आलं. मी हातभर अंतरावर बसलो होतो. त्याने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. आबा वर्गात शिरले की आपल्याकडे न बघता आधी टेबलाशी जायचे, तसं ते पिंडांशी गेलं. खाऊन झाल्यावर पेकानच्या बुंध्याला पाठ लावून खांदा घासला आणि आलं तसं गेलं. आबा दाराच्या चौकटीला पाठ घासायचे, आठवतं? मी लोटांगण घातलं. रत्ना घरात स्वयंपाकाच्या ओट्यावर चढून बसली होती.

मी हे लपवलं, कारण तुला कावळा हवा होता.

आता खरी अडचण ऐक. माझ्या कुंपणापलीकडे हॉलिस राहतो. सत्तरीचा आहे. त्याची बायको डॉटी वसंतात वारली, तेव्हापासून तो रात्री झोपत नाही. या भागात रानडुकरांनी फार नासधूस केली आहे. एक कळप एका रात्रीत अख्खं शेत नांगरून ठेवतो. म्हणून आसपासचे सगळे हॉलिसला बोलावतात. तो आपल्या पिकअपमध्ये बसतो आणि रात्रभर डुकरं आणि कायोटी मारतो. कायोटी म्हणजे आपल्या कोल्ह्याचा थोरला भाऊ समज.

त्याच्या बंदुकीवर उष्णतेवर चालणारी दुर्बीण आहे. तिच्यात रंग नाही, चेहरा नाही. ज्यात ऊब आहे ते पांढरं, बाकी सगळं काळं. गाय पांढरी, ससा पांढरा, कुंपणावरची उंदरीण पांढरी. मी माझा हात पुढे धरून पाहिला, तोही तसाच. देवघरात रोज वाचतो की सगळ्यांत एकच आहे. ते दिसायला मला बंदुकीवरची दुर्बीण लागली.

पण त्यामुळेच पंचाईत झाली. सगळी डुकरं एकसारखी. आबा कोणते?

श्राद्धाच्या रात्रीच हॉलिस माझ्या बांधावर आला होता. कळप आला, त्याने नेम धरला. मला खोकला आला. म्हणजे मी आणला. सगळी पळाली. दुसऱ्या दिवशी माझ्या हातून थर्मास पडला. तिसऱ्या दिवशी मी शिंकलो तेव्हा तो म्हणाला, ‘सॉम, तुला ॲलर्जी आहे की अडचण?’

शेंगा रोज जातायत, कारण मी राखण करणार नाही असं बोलून बसलोय. हॉलिसला थोडे दिवस थांब म्हणालोय. आबांना गोळी लागली तर त्यांचं काय होईल आणि माझं काय होईल, मला माहीत नाही. तू मोठी आहेस. तू सांग.

तुझा,
सौमित्र


शॉमबर्ग,
८ सप्टेंबर

सौमित्र,

आशीर्वाद नाही.

माझे वडील! बत्तीस वर्षं शाळेत शिकवलं, कधी कांदा-लसूण खाल्ला नाही, दुसऱ्याच्या पेल्यातून पाणी प्यायले नाहीत. त्यांना तू डुक्कर केलंस? आणि मी त्यावर पेढे वाटले!

राजेशला गाडीत सांगितलं, तर त्याला गाडी कडेला घ्यावी लागली, इतका हसला. मग मला बरं वाटावं म्हणून म्हणतो, ‘वराह अवतार आहेच की.’ मी म्हटलं, अवतार विष्णूचा असतो. आमचे आबा पंचायत समितीचे.

गुरुजींना विचारलं. गाय चालते, कुत्रा चालतो, अगदी मुंगीसुद्धा चालते म्हणाले. डुकराचं विचारलं तर त्यांचा व्हिडिओ गोठला. आपोआप गोठला की त्यांनी गोठवला, देव जाणे.

ऐक. आबा तिथे नाहीत. एक भुकेलं जनावर भाताच्या वासाने आलं, बास. तू एवढा गणिताचा मास्तर, तुला एवढी बेरीज येऊ नये? हॉलिसला माझा निरोप सांग. एकही शिल्लक ठेवू नका म्हणावं.

आसावरी

ता. क. त्या दुर्बिणीतून रेकॉर्डिंग करता येतं, असं सिया सांगते. असलं तर पाठव. मला बघायचं नाहीये. सियाला हवंय.


डी लिऑन,
१५ सप्टेंबर

ती. ताईस,
नमस्कार.

तुझा राग रास्त आहे. रेकॉर्डिंग सियाच्या फोनवर पाठवलं आहे.

हॉलिसला अखेर मी सगळं सांगितलं. पिंड, कावळा, गीज, शेंगा. तो चर्चला जाणारा माणूस. मला वाटलं हसेल, नाहीतर पाद्रींना सांगेल. त्याने ऐकून घेतलं, टोपी काढली आणि म्हणाला, ‘काकांचं ऐकून वाईट वाटलं, सॉम.’ मग टोपी परत घातली, दुर्बिणीला डोळा लावला आणि विचारलं, ‘कोणता?’

आम्ही तिथे बराच वेळ बसलो. मी त्याला आबांच्या सवयी सांगत होतो आणि तो एकेक डुक्कर तपासत होता. ‘तुझे काका घाईने खायचे का?’ ‘नाही, सावकाश.’ ‘मग हा नाही. दुसऱ्याला ढकलायचे?’ ‘कधीच नाही.’ ‘मग हे चारही नाहीत.’ आबांचं इतकं गुणवर्णन त्यांच्या निवृत्तीच्या सभेतही झालं नव्हतं.

खरं सांगू का, ताई, आता माझीच खात्री डळमळली आहे. तू म्हणतेस तसं ते भाताच्या वासाने आलं असेल. माझा विश्वास देवावर आहे. त्यातला डुकरावर किती ठेवायचा हे मला कुणी शिकवलेलं नाही. तू म्हणशील तर हॉलिस या शनिवारी सगळी मारील. रेकॉर्डिंग मात्र एकदा बघ. डावीकडे कळपापासून जरा बाजूला एक उभं आहे, ते.

तुझा,
सौमित्र


शॉमबर्ग,
१९ सप्टेंबर, रातोरात पोचणाऱ्या टपालाने

सौमित्र,

गोळी घालू नका! फोन का उचलत नाहीस? रत्नाही उचलत नाही. हे मिळताच हॉलिसच्या घरी धाव.

त्यांच्या खांद्यावर टॉवेल आहे!

सियाने मोठ्या टीव्हीवर लावलं. मी चहा घेऊन नुसती मागून चालले होते. डावीकडचं ते पांढरं, आणि त्याच्या डाव्या खांद्यावरून खाली आलेला काळा पट्टा. आबांचा टॉवेल डावीकडेच असायचा. मग ते खांबाला पाठ घासायला लागले. आधी एका बाजूने, मग थांबून, विचार करून, दुसऱ्या बाजूने. कप माझ्या हातातून पडला. सिया म्हणाली, ‘ओ माय गॉड, दॅट्स आजोबा.’ राजेशसुद्धा हसला नाही. म्हणाला, ‘परत लाव.’

टॉवेलवाल्याला गोळी घालू नका. बाकीच्यांचं तुम्ही बघा. नाही, बाकीच्यांनाही नको. आबांना सोबत लागते.

मी तीन ऑक्टोबरला येतेय. तोवर त्यांना काही होऊ देऊ नकोस. कायोटी येतात का तिथे? आणि शेंगा कच्च्याच खातात ना? बिनमिठाच्या?

ताई


डी लिऑन,
२७ सप्टेंबर

ती. आसावरी वन्संना,
रत्नाचा नमस्कार.

मी कधी पत्र लिहीत नाही, पण या घरात आता कुणीतरी शुद्धीवर असलेल्याने लिहायला हवं.

शेंगा अर्ध्याहून जास्त गेल्या. तुमचे भाऊ रात्रभर हॉलिसच्या गाडीत बसतात आणि सकाळी शाळेत फळ्याला टेकून झोपतात. मुलांनी त्यांचा फोटो काढला आहे.

टॉवेलचं सांगते. ही जनावरं ओढ्यातल्या चिखलात लोळून येतात. अंगावर ओला चिखल असतो तो थंड, म्हणून दुर्बिणीत काळा दिसतो, असं हॉलिस सांगतात. मला तेव्हाच कळलं होतं. काल तिघांच्या खांद्यावर टॉवेल होता. तर हे म्हणाले, ‘तिघांनाही सोडा, धोका नको.’ परवा एकाच्याही अंगावर टॉवेल नव्हता, तर म्हणाले, ‘सगळ्यांना सोडा. धुवायला टाकला असेल.’

हॉलिसना चर्चमध्ये लोकांनी विचारलं, नेम गेला का तुझा? त्यांनी सांगितलं, ‘सॉमच्या घरचा धार्मिक मामला आहे.’ तेव्हापासून लोक हॉलिसना काही बोलत नाहीत. उलट आता दर रविवारी तिथे ‘अंकल आबां’साठी प्रार्थना होते. परवा एक बाई मला भोपळ्याचा केक देऊन गेल्या.

मामंजींबद्दल मला आदर होता आणि आहे. पण ते तुमचे टॉवेलवाले आमच्या शेंगांवर चांगलेच सुटले आहेत, पोट जमिनीला लागायला आलंय. आता त्यांच्या भावाची सून म्हणून मी एवढंच म्हणते, या आणि तुमच्या वडिलांना काय ते सांगा.

तुमची,
रत्ना

ता. क. येताना कोकम आणा. इथे मिळत नाही.


शॉमबर्ग,
८ ऑक्टोबर

चि. सौमित्र,
अनेक आशीर्वाद. मागचे राहिलेलेही यातच.

विमानतळावर तू सारखं विचारत होतास, ‘ताई, नक्की काय झालं?’ आणि मी सारखं ‘लिहीन’ म्हणत होते. कारण ते सांगायला लागले असते तर माझं विमान चुकलं असतं.

तुला त्या शुक्रवारीच शाळेच्या फुटबॉलला दारावर तिकिटं फाडायची ड्यूटी लागावी! रत्ना म्हणाली, ‘मी डुकरांसाठी चिखलात बसणार नाही.’ म्हणून मी एकटीच हॉलिसबरोबर गाडीत बसले. त्यांनी मला पांघरूण दिलं, कॉफी दिली. तंबाखू देऊ का म्हणून विचारलं. मग म्हणाले, ‘डॉटी बसायची तिथे, मॅम. तुम्ही काच पूर्ण खाली करू नका, ती परत वर येत नाही.’

किती वेळ काहीच नव्हतं. मी हॉलिसने दिलेल्या सुट्या दुर्बिणीतून नुसतं काळं बघत होते. मग ओढ्याकडून एक पांढरं आलं. टॉवेल नव्हता. पण चाल तीच होती, सावकाश. पेकानपाशी थांबलं, पाठ घासली. मी म्हटलं, ‘आबा.’ मोठ्याने नाही.

तेवढ्यात त्याच्यामागून आणखी पांढरं आलं. बारीक बारीक, मोगऱ्याच्या कळ्या सांडल्यासारखं. हॉलिसने बंदुकीवरच्या दुर्बिणीतून पाहिलं. जरा खाकरले. म्हणाले, ‘मॅम, कसं सांगू कळत नाही. तुमच्या वडिलांना पिल्लं झालीयत.’

सौमित्र, सहा वर्षं अमेरिकेत राहून आबा बरेच मोकळे झाले होते, पण एवढे नाही.

मला खरं तर तिथेच रडू यायला हवं होतं, की बघ, हे काही ते नव्हेत, तू कशाच्या मागे लागलीस. ते आलं नाही. ती डुकरीण आडवी झाली आणि ती सगळी कळ्यांची रांग तिच्या पोटाशी लागली. मी पाहत बसले. बंदूक हॉलिसच्या मांडीवर होती.

मग ते एकदम ताठ झाले. ‘कायोटी,’ म्हणाले. झाडीच्या कडेला तीन पांढऱ्या रेघा, पाय न वाजवता पिल्लांकडे येणाऱ्या. हॉलिसने बंदूक उचलली आणि खाली घेतली. ‘मला नेम धरता येत नाही,’ म्हणाले, ‘त्यांच्या मागेच तुमचे वडील आहेत.’

पुढे मी काय केलं ते मला हॉलिसनेच नंतर सांगितलं. मी दार उघडून बाहेर उडी मारली म्हणे. रत्नाने मला चकल्या दिल्या होत्या तो स्टीलचा डबा आणि हॉलिसचा पाना घेऊन शेतात धावत सुटले आणि डबा बडवत ओरडले, ‘हाऽऽट! हाऽऽट! कोण आहे रे तिकडे? उभा राहा बाकावर!’ हे शेवटचं कुठून आलं मला माहीत नाही. पण आवाज आबांचा होता, अगदी चौथीच्या वर्गातला. कायोटी असे पळाले की बस. डुकरीणही उठली आणि पिल्लं घेऊन ओढ्यापलीकडे गेली. सगळ्यांची दाणादाण उडाली. माझी चप्पल तुझ्या शेतात आहे. चकल्याही.

तू राखण करणार नाही म्हणाला होतास. तुझा शब्द मोडलेला नाही. मी काही बोलले नव्हते.

मी धापा टाकत गाडीत येऊन बसले. हॉलिस म्हणाले, ‘बघा.’ मी डोळा लावला. पेकानखाली ती निजली होती तिथे जमिनीवर तिची जागा राहिली होती. पांढरी. तिच्याच आकाराची, पोटाशी बारीक ठिपके. ‘ऊब आहे ती,’ हॉलिस म्हणाले, ‘जनावर गेलं तरी थोडा वेळ राहते.’

आबांना घरातून नेलं तेव्हा मी त्यांच्या रिकाम्या खुर्चीवर हात ठेवला होता. खुर्ची उबदार होती. मी राजेशला हाक मारायला वर गेले आणि खाली आले तेव्हा ऊब गेलेली होती. ती जाताना मी पाहिली नव्हती. वर्षभर त्या खुर्चीशी जाऊन हात लावून बघत होते.

या वेळी मी कुठेही उठून गेले नाही. ती जागा राखाडी होत गेली, मग कडा विरल्या, मग ठिपके, मग मधला भाग. शेवटी सगळं शेत एकसारखं काळं झालं. हॉलिसने तोवर गाडी चालू केली नाही.

आबा गेले, सौमित्र. कुणी शिवलं ते आता मी विचारणार नाही.

खुर्ची मी मागच्या डेकवर ठेवली आहे, बाहेर. तिथे ती कुरकुरत नाही. राजेश म्हणतो, बर्फ पडेल तेव्हा भिजेल. भिजू दे.

तुझी,
ताई


डी लिऑन,
२६ ऑक्टोबर

ती. ताईस,
सौमित्रचा नमस्कार आणि दिवाळीच्या उशिरा शुभेच्छा.

पत्र मी देवघरात ठेवलं आहे. रत्नाने ते वाचलं आणि कुकर लावायला आत गेली. या वेळी शिट्ट्या खरंच झाल्या, पण बऱ्याच उशिरा.

ती डुकरीण त्या रात्रीनंतर आली नाही. ओढ्यापलीकडे मोठं जंगल आहे, तिकडे असेल. उरलेल्या शेंगा काढल्या. पाटीभर निघाल्या. त्यातल्या निम्म्या भाजून, मीठ लावून तुला वेगळ्या खोक्यातून पाठवल्या आहेत. डेकवर बसून खा. तुझी चप्पलही त्यातच आहे. चकल्या कुणीतरी स्वीकारल्या.

आता हॉलिसचं सांगायचं आहे. हे फोनवर सांगण्यासारखं नव्हतं.

तू गेल्यावर तो बरेच दिवस दिसला नाही. परवा संध्याकाळी कुंपणाशी आला, टोपी हातात. म्हणाला, ‘सॉम, तुमच्यात हे बाहेरच्या माणसाला चालतं का?’ मी म्हणालो, मला वाटतं जेवणाचं ताट कुणाचंही चालतं. तो मान हलवून गेला.

रात्री त्याने डॉटीच्या पद्धतीने मक्याचा पाव केला. पहिला करपला, म्हणून दुसरा केला. तिच्या आवडत्या निळ्या बशीत घालून अंगणाच्या टोकाला ठेवला आणि दुर्बीण घेऊन पायरीवर बसला. बंदुकीवरून काढून आणली होती, नुसती दुर्बीण. मला बोलावलं. मी शेजारी बसलो. काहीच येईना. मी त्याला सांगितलं, ‘तिची काही इच्छा राहिली असेल तर बोल.’ तो कुत्र्याबद्दल बोलला, छपराच्या गळतीबद्दल बोलला, टेनेसीतल्या मेव्हणीला फोन करीन म्हणाला. काही नाही. मग खिशातली तंबाखूची डबी काढून हातात घेतली. मग अगदी पडल्या आवाजात म्हणाला, ‘बरं. तंबाखू सोडतो.’

लगेच झुडुपातून एक पांढरा गोळा आला. गोल, ठेंगणा, लगबगीचा. आर्मडिलो होता, ते खवल्यांचं चिलखत घातलेलं लहानसं जनावर. दुर्बिणीत त्याचं चिलखत थंड, काळं, आणि पोट तेवढं उजळ. त्याने बशी हुंगली, पाव मातीत पाडला, सगळीकडे चुरा केला, थोडासाच खाल्ला आणि बशी उपडी करून निघून गेला.

हॉलिसने दुर्बीण खाली घेतली. डोळे पुसले. म्हणाला, ‘तीच आहे.’

काल सकाळी तो परत आला. चेहरा उतरलेला, तोंडात च्युइंगम. त्याला विचारायचं होतं की हे बोललेलं कायमचं असतं, की वर्षभर पाळलं तरी चालतं. मी म्हणालो, आमच्यात कायमचं असतं. तो कुंपणाला टेकून च्युइंगम चघळत राहिला. मग म्हणाला, ‘हे तिला माहीत होतं,’ आणि गेला.

तुझा,
सौमित्र